दुधातली पुडी

"दुधात मीच टाकत होते, मॅडम. रोज सकाळी."

लंकाबाईने पदराच्या गाठीतली पुडी सोडवली आणि प्रशिक्षक प्रतिभा मॅडमच्या टेबलावर ठेवली. बाहेर मैदानावर मुलींचा सराव चालू होता. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. फक्त चेंडूचा आणि बुटांचा आवाज. त्या मुलींत तेजस्विनी नव्हती. महिन्याभरापासून तिला मैदानात उतरायची मनाई होती.

कर्णबधिर मुलींच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत ती महाराष्ट्राकडून खेळली होती. शेवटच्या सामन्यानंतर तिच्या लघवीचा नमुना घेतला गेला आणि त्यात स्टेरॉइड सापडलं. भारताच्या संघात तिचं नाव जवळजवळ नक्की झालं होतं. ते तिथेच अडकलं.

"कुठून आणली ही?" मॅडमनी पुडी उचलून विचारलं.

"त्र्यंबकच्या रस्त्याला झाडपाला घेऊन बसतो ना एक बाबा, त्याच्याकडून. ताकदीची म्हणला. पोरगी लय वाळली होती, मॅडम. जेवणात लक्ष नाय, कशात लक्ष नाय. हाक मारली तरी भिंतीला टेकून आपली बसून राहायची. म्हणलं, अंगात जोर येईल."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अशा पुड्यांत काहीही मिसळलेलं असतं, लंकाबाई. मुलींकडून मी शिबिरात हेच घोकून घेते. विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, चूर्ण घ्यायचं नाही. पण मुलींना शिकवलं, तुम्हाला शिकवायचं राहूनच गेलं."

"मग यात माझ्या पोरीचा काय गुन्हा?"

"अंगात जे सापडलं त्याला खेळाडूच जबाबदार, असा नियम आहे. मग ते कुणी का दिलेलं असेना. पण तिला खरंच माहीत नव्हतं हे चौकशी समितीला पटलं, तर बंदी बरीच कमी होऊ शकते. सांगाल त्यांच्यापुढे?"

"जगापुढं सांगते," लंकाबाई म्हणाली.

घरी आली तेव्हा तेजस्विनी झेंडूच्या वाफ्यात फुलं तोडत होती. लंकाबाई तिच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली. डावा कान शाळेत असतानाच पार गेला होता. उजव्यात थोडं उरलं होतं. कानाचं मशीन लावलं आणि जवळ जाऊन सावकाश बोललं, की पोरीला कळायचं. खेळताना मशीन काढून ठेवावं लागे. नियमच होता तसा. तिला त्याचं काही वाटत नसे. मैदानावर सगळ्याच सारख्या.

"तेजू, चूक माझ्या हातनं झाली. मी सांगणार हाय त्या साहेबांना. तू नुसती गप बस."

तेजस्विनी वळली. आईच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग हातातली फुलं टोपलीत टाकून तिने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते लंकाबाईला कळलं नाही.

सुनावणी नाशिक रोडला, मॅडमच्या घरी लॅपटॉपवर झाली. पडद्यावर समितीचे तिघे होते. तेजस्विनीच्या समोर निकिता बसली होती. समितीचं बोलणं हातांनी तिला सांगायचं आणि तिच्या हातांचं बोलणं समितीला बोलून दाखवायचं, हे निकिताचं काम.

लंकाबाईने सगळं सांगितलं. बाबा, पुडी, दूध. सांगता सांगता रडली. "शिक्षा मला करा. पोरीला ह्यातलं काय बी माहीत नाय."

अध्यक्षांचा चेहरा मवाळ झाला. मॅडमनी लंकाबाईचा हात दाबला.

तेवढ्यात तेजस्विनीचे हात हलू लागले. निकिता बघत राहिली, मग हळूहळू बोलू लागली.

"आई दुधात काहीतरी टाकते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मॅडमनी शिकवलं होतं. ते दूध मी कधी प्यायले नाही. मांजरीला घालत होते."

"खोटं बोलती ती!" लंकाबाई उठून उभी राहिली. "मला वाचवायला बोलती!"

मॅडमनी तिला खाली बसवलं.

"मग स्टेरॉइड आलं कुठून?" अध्यक्षांनी विचारलं.

"गोळ्या घेतल्या. माझ्या मी."

"स्पर्धेत त्या चालत नाहीत, हे माहीत होतं?"

"हो."

मॅडमनी मान खाली घातली.

"कशासाठी घेतल्या?"

"उजवा कान जायला लागला होता. डावा गेला तेव्हा डॉक्टरांनी ह्याच गोळ्या दिल्या होत्या. त्याच पुन्हा आणल्या."

"डॉक्टरांकडे जायचं होतं. उपचारासाठी रीतसर परवानगी मागता आली असती."

"कान जातोय हे आईला कळलं असतं. स्पर्धा सोडून नुसती डॉक्टरांकडे गेले असते, तरी कळलं असतं."

"आणि कान?"

तेजस्विनीने एकदाच हात हलवला.

"गेला," निकिता म्हणाली.

पडद्यावर अध्यक्षांनी चष्मा काढला. आता पूर्ण बंदी टळणार नव्हती. ते सगळ्यांनाच कळलं होतं. तरी त्यांनी विचारलं, "बाळ, तू खेळतेस ते कानाशिवायच. संघातल्या मुलींशी बोलतेस तीही हातांनी. मग त्या उरलेल्या कानासाठी सगळं पणाला का लावलंस?"

तेजस्विनीने उत्तर दिलं. निकिताने ते पाहिलं. तिने एकदा लंकाबाईकडे बघितलं आणि नजर खाली वळवली.

"ती म्हणते, माझ्या आईला हातांची भाषा येत नाही."