एकतिसाव्या नावापासून

पाण्याच्या पाळीच्या यादीत तीसच नावं होती. स्वरूपानं दोनदा मोजली, तरी तीसच.

"सभासद त्रेचाळीस, अर्ज त्रेचाळीस, अन् यादीत तीस," मुक्ताबाई म्हणाल्या. "आमी तेराजण गेलो कुठं, बाई?"

मुक्ताबाईंचं रान पळसदेवच्या पाइपलाइनच्या पार शेवटाला. शेतकऱ्यांच्या पाणी सोसायटीची मोटार धरणाच्या फुगवट्यातलं पाणी उचलते, वरच्या रानांचं पोट भरलं की उरलंसुरलं खाली जातं. त्या शेवटाला सगळे टेल म्हणतात. अकराला लाइट येणार आणि मोटारवाला रतन यादी बघून एकेक व्हॉल्व खोलणार. यादीत नाव नसेल त्यानं पुढच्या पाळीपर्यंत, म्हणजे अठरा दिवस, वाट बघायची. मुक्ताबाईंच्या अर्ध्या एकरातली वांगी फुलावर आली होती. अठरा दिवसांत त्यांच्या काड्या होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

सेक्रेटरी कुंडलिकराव टेबलापलीकडं सुपारी कातरत बसले होते. झालेला आनंद लपवावा असं काही त्यांना वाटलं नाही.

"कंप्युटरला बी कळतंय बघ, टेल म्हंजी काय ते. वहीच बरी हुती. काढू का बाहीर?"

वही म्हणजे कुंडलिकरावांचं राज्य. तिच्यात कुणाचं नाव वर सरकायचं आणि कुणाचं गळायचं, ते एक त्यांना ठाऊक आणि एक त्यांच्या पेनाला. म्हणून तर स्वरूपानं हा खटाटोप मांडला होता. ती गावचीच, पण पुण्यात सॉफ्टवेअरवाली. प्रोग्रामर मंडळी आपला कोड ज्या वेबसाइटवर ठेवतात, तिथंच तिनं सोसायटीचं फुकटातलं खातं काढलं. एका अर्जाची एक नोंद. कुणी काही बदललं, तर कुणी आणि कधी ते सगळ्या गावाला दिसणार. साइटवरून नोंदी मागून आणायला तिनं एक तयार लायब्ररी घेतली होती. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. आपण म्हणायचं, अर्ज आण. ती साइटकडं जाते, मागते, घेऊन येते.

आणि आज तिनं आणले होते तीस.

"काढू का वही?"

"पाच मिनिटं द्या, तात्या."

घड्याळात दहा चाळीस झाले होते. स्वरूपानं आधी साइट उघडली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नोंदी जागच्या जागी. म्हणजे अर्ज पोचले होते, आणतानाच कुठंतरी सांडत होते. पण एकोणतीस नाही, एकतीस नाही, बरोबर तीस? चुकूनमाकून सांडलेलं असं मोजून सांडत नाही. ती खुर्चीत ताठ झाली. लायब्ररीच्या माहितीचं पान उघडून झरझर खाली गेली, एका ओळीवर थांबली आणि हसायलाच लागली.

"काय झालं गं?"

"काकू, साइट एका वेळी एकच पान देते. पानावर तीस नोंदी. पुढचं पान हवं तर पुन्हा मागावं लागतं. मी मागितलंच नव्हतं."

"मागितल्याबिगर द्यायचं न्हाय," मुक्ताबाई म्हणाल्या, "मग ही साइट हितलीच दिसती की."

स्वरूपाचं हसू जरा ओसरलं. चाचणी घेतली तेव्हा तिनं बाराच अर्ज भरले होते, आणि बाराही वरच्या लोकांचे. ऑफिसाच्या दारात तेच भेटतात म्हणून. टेलला जाऊन विचारावं हे तिलाही सुचलं नव्हतं. तिला मनापासून लाज वाटली. मग तिनं तीन ओळी लिहिल्या: पान संपलं की पुढचं माग, नोंदी संपेपर्यंत थांबू नको. बटण दाबलं.

तीस. एकतीस, गोकुळ. बत्तीस, झुंबर. नावं भराभरा खाली उतरत गेली, त्रेचाळीसला मुक्ताबाई आल्या आणि स्वरूपानं टेबलावर थाप मारली. पुण्याच्या कंपनीत तिनं याच्या शंभरपट मोठं काम केलं होतं, पण अशी थाप कधी मारली नव्हती. मुक्ताबाईंनी पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून विचारलं,

"हे उलटं लावता येतं का गं? खालनं वर?"

"एका शब्दाचं काम आहे."

"मग लाव. गेल्या सभेत ठराव झालाय, पाणी टेलपासनं द्यायचं. खाली तात्यांची सही हाय."

स्वरूपानं वळून पाहिलं. "तात्या, मला तर तुम्ही वरून खाली सांगितलं होतं."

अडकित्ता थांबला. "ठराव हाय म्हणा," कुंडलिकराव म्हणाले. "पर ठराव पाळतंय कोण?"

"ह्ये पाळंल," मुक्ताबाईंनी लॅपटॉपकडं हनुवटी केली.

कुंडलिकरावांनी अडकित्ता टेबलावर ठेवला. नाही म्हणायची सोय त्यांच्याच सहीनं ठेवली नव्हती. स्वरूपानं तो एक शब्द बदलला. प्रिंटर घरघरला. पहिला कागद बाहेर आला, पहिलं नाव मुक्ताबाईंचं.

कुंडलिकरावांनी चष्मा चढवून कागद हातात घेतला. आजवर ते दुसऱ्या नंबरला असायचे. बोट वरून खाली तीस नावांवरून फिरलं आणि कागदाच्या कडेला जाऊन टेकलं.

"माझं नाव कुठं हाय?"

"दुसऱ्या पानावर, तात्या," मुक्ताबाई पदर खोचत उठल्या. त्यांना रानात पोचायचं होतं. "घाबरू नगा. ही पोरगी आता दुसरं पान मागायला इसरायची न्हाय."