लंकाबाईकडे चौथं स्थळ

लंकाबाईनं डोक्यावरचा पदर तिसऱ्यांदा सारखा केला, आवाज आणता येईल तितका खाली आणला आणि म्हणाली, "घ्या ना च्या. गार हुईल."

समोर बसलेल्या तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. कपाला कुणी हात लावेना. लावतील कसे? हीच बाई चार वर्षं दर शुक्रवारी मोबाईलवर सुनेच्या हातचा चहा अंगणात भिरकावत होती. "ह्यो च्या हाय का नाल्याचं पानी?" असं ओरडायची, आणि पेला खणखणत गडगडत जायचा. मिरजगावच्या याच अंगणात, याच ओट्यावरून. 'लंकाबाईचा दरबार' या विनोदी मालिकेचे एकशे ऐंशी भाग झाले. लोक पोट धरधरून हसले. गेल्या दिवाळीत मालिका बंद पडली आणि जो तो आपापल्या वाटेला लागला.

सून झालेली निकिता मुंबईला एका मोठ्या मालिकेत गेली. तिथं ती नायिकेच्या मागं ताट धरून उभी असते. कॅमेरा धरणारा काकासाहेब नगरला लग्नांचे व्हिडिओ काढतो. मालिकेतला नवरा रंगनाथ अधूनमधून एखाद्या दुकानाची फीत कापतो, बाकीचे दिवस टेम्पो चालवतो. सगळ्यांचं काम संपलं. लंकाबाईचं तेवढं संपेना. तिचा पोटचा मुलगा आदिनाथ बत्तीस वर्षांचा झाला, नगरच्या कारखान्यात कायम झाला, तरी तीन स्थळं उंबऱ्यावरून माघारी गेली होती. "त्या बाईच्या घरात पोरगी द्यायची?" एवढंच प्रत्येकजण म्हणे आणि गाडीत बसे.

हे चौथं, श्रीरामपूरचं, रंगनाथनं खटपट करून आणलेलं. मुलीचे वडील भीमाअण्णा, आत्या बनुबाई आणि खुद्द मुलगी, रुपाली. मुलाचं घर बघायला थोरली माणसं येतात. मुलगी कशाला आली, हे लंकाबाईला कळेना. विचारायची सोय नव्हती.

"मी चार वर्सं हिचा नवरा हुतो," रंगनाथ हसत म्हणाला. "लई गरीब बाई हाय, अण्णा. एकदा बी मला टाकून बोलली न्हाई."

"आवो, आमी बघितलंय की! लाटनं घिऊन तुमच्या मागं पळायची!" बनुबाई म्हणाली.

"ते लिवलेलं असायचं, ताई," रंगनाथ म्हणाला.

"आन् तुमच्या त्या सुनंचं? किती रडायची बिचारी!"

लंकाबाईनं घाईघाईनं निकिताला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. एकवार त्या पोरीनंच सांगू दे, की तिला तापात पेज कुणी पाजली ते.

"मावशी, शॉट लागलाय. नंतर बोलू हां," निकिता कुजबुजली आणि फोन बंद झाला.

भीमाअण्णांनी गुडघ्यावर हात ठेवून उठायची तयारी केली. "बरं मग. इचार करून कळवतो."

असलं कळवणं कधी येत नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दारापाशी उभा असलेला आदिनाथ खाली मान घालून आत वळला. लंकाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात बनुबाईनं पर्समधून मोबाईल काढला. "निघता निघता एकदा ते च्याचं म्हना की वो! नातवंडांना दाखविते."

"न्हाई म्हननार," लंकाबाई म्हणाली. इतका वेळ दाबून धरलेला आवाज आता पार गल्लीपर्यंत गेला. "तुमी हसला, त्यावर माजं घर चाललं, तुमचं उपकार हायेत. पर त्या सासूपायी माझ्या लेकाचा संसार हुईना. आता पुन्यांदा न्हाई. मेले तरी न्हाई."

बनुबाईचा हात मोबाईलसकट तसाच राहिला. रंगनाथनं डोळे मिटून घेतले. एवढी खटपट केली आणि बाईनं शेवटी तोंड उघडलंच!

"मावशी, मला एक विचारायचंय," रुपाली म्हणाली. ती आल्यापासून पहिल्यांदाच बोलत होती. तिनं आपल्या मोबाईलवर एक जुना भाग लावला, मध्येच थांबवला आणि लंकाबाईपुढं धरला. पुढं कमरेवर हात ठेवून लंकाबाई उभी, खाली मान घालून निकिता. त्यांच्या मागं, कोपऱ्यात, मोरीपाशी उकिडवा बसलेला एक माणूस भांडी घासत होता. पाठमोरा. "हे कोण?"

"आदिनाथ," लंकाबाई गोंधळून म्हणाली. "दुसऱ्या पाळीला जायच्या आदी घासायचा. काकासाहेब लई वरडायचा, चित्रात येतूस, बाजूला हो म्हनायचा. पर ह्यो कुठं ऐकतोय!"

"सगळ्या भागांत आहेत. मी मुद्दाम पुन्हा लावून पाहिले." रुपालीनं आतल्या दाराकडं पाहिलं. आदिनाथ चौकटीत येऊन थांबला होता. "तुम्हाला सांगितलं होतं का कुणी?"

आदिनाथ कानापर्यंत लाल झाला. "न्हाई. शूटिंगची पंधरा मान्सं जेवायची. आईनं एकटीनं कितीक घासायची?"

भीमाअण्णा अर्धे उठलेले, ते तसेच उभे.

"अण्णा, बसा," रुपाली म्हणाली. "बाकी सगळ्यांना काय करायचं ते लिहून दिलेलं होतं. ह्यांना कुणी काहीच लिहून दिलं नव्हतं."