बिनतोड मृत्युपत्र

चुलते उद्या वडिलांचं मृत्युपत्र खोटं ठरवतील, या धास्तीनं ओबिओरानं त्यावर स्वतःसकट तिन्ही भावंडांच्या साक्षीदार म्हणून सह्या करून घेतल्या होत्या. वडील गेल्यावर ओनित्शा शहरातल्या घरी वकिलानं ते वाचलं.

"तिघांना एकेक दुकान. पण साक्षीदाराला कायद्यानं काही मिळत नाही."

धाकटी बहीण न्कोली उसळली. "दादा, मी नको म्हणत होते! तूच दंडाला धरून सही करायला लावलीस!"

ओबिओरा वकिलाकडे वळला. "मग दुकानं कुणाची?"

"शेवटी लिहिलंय, उरलंसुरलं चर्चला."

सांत्वनाला आलेल्या पाद्रीबुवांनी जोलोफ भाताचं ताट खाली ठेवलं.

"ओबिओरा बाळा," ते मायेनं म्हणाले, "रविवारी प्रार्थनेला येताना चाव्या घेऊन ये."