पदरातल्या गाठी

“अनू, तू पीत नाहीस, म्हणून तुलाच सांगते. प्रत्येक वाइनची चव मला येऊन सांगायची. बाकीच्या दुसऱ्या पेल्यानंतर सगळं विसरतील!” प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून कुंदाने बजावलं होतं. सहल तिनेच ठरवली आणि नेमकी तीच घरी अडकली.

आता द्राक्षमळ्यात मैत्रिणींचे पेले फिरत होते आणि एकादशी धरलेली अनसूया पाण्याचा ग्लास घेऊन विचारत होती, “खरं सांगा गं, कशी आहे?”

“जांभळाची ना? अगदी आमसुलाचं सार!”

“आणि ही मधाची म्हणजे माझ्या सासूबाई. गोड बोलून घसा जाळतात.”

हसता हसता अनसूया प्रत्येक चवीसाठी पदराला एक गाठ मारत होती.

शेवटी काळ्या द्राक्षांची वाइन आली. शालनने घोट घेऊन डोळे मिटले. “ही आपली कुंदा गं. आधी झोंबते, मग सोडवत नाही.”

“अगदी!” सगळ्या एका सुरात म्हणाल्या. ती गाठ अनसूयेने जरा घट्टच मारली.

परतताना गाडीत सगळ्या पेंगल्या. अनसूया मात्र कुंदाच्या गल्लीशी उतरली आणि पहिली गाठ बोटांत धरून, ‘जांभळाची, आमसुलाचं सार’ असा जप करत जिना चढू लागली.