न वाचलेल्या नोंदी

न वाचलेल्या नोंदी : ०

"आजही नाही," दीक्षा म्हणाली.

"येईन नं माय," लुबना गल्ल्यावरून म्हणाली. "सरकारी काम हाय. तुह्या घाईनं थोडीच चालते?"

अमरावतीच्या बस स्टँडमागचं सायबर कॅफे सकाळी लुबनाचा भाऊ आणि दुपारनंतर लुबना चालवायची. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातली पाळी संपली की दीक्षा रोज संध्याकाळी तिथे यायची. तिसऱ्या कॉम्प्युटरवर तिचं खातं कायम उघडंच असे.

अकोल्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात लिपिकाची एकच जागा होती. प्रतीक्षा यादीत दीक्षा पहिली. निवडलेला माणूस रुजू झाला नाही तर तिला बोलावणं येणार होतं, तेही फक्त वेबसाइटवर. मार्चमध्ये तिच्या वयाची मर्यादा संपत होती. पुढची भरती तिच्यासाठी नव्हती.

ती वेबसाइट उघडायला वीस मिनिटं लागत. मधेच लाईट जाई. म्हणून लुबनाने तिला फीड लावून दिलं होतं.

"वेबसाइटच्या दारात कावून बसून राहिली? हे नारिंगी चिन्ह दाबलं, का तिथलं नवं सारं या रीडरात आपसूक येऊन पडते. ठळक ओळ म्हणजे नवी. उघडली का यादीतून गेली."

"अन् अक्षरं अशी वाकडीतिकडी कावून दिसून राहिली?"

"त्यायचा मराठी फॉन्ट इथं चालत नाही. ओळ दाबाची, मूळ पान उघडेपर्यंत दम धराचा. मंग मराठी दिसते."

न वाचलेल्या नोंदी : २

दीक्षाने दोन्ही उघडल्या. शेतकरी आत्महत्या, मदतीसाठी पात्र : नऊ. अपात्र : एकतीस. हिवरखेडचं एक नाव ओळखीचं वाटलं. ती शेवटच्या नावापर्यंत वाचत गेली, मग पान बंद केलं.

न वाचलेल्या नोंदी : ०

"आलं का?" घरी शेषरावांनी विचारलं. तिच्या वडिलांनी एकतीस वर्षं तहसीलमध्ये शिपाई म्हणून काढली होती. दीक्षाने एका रविवारी त्यांना कॅफेत नेऊन सगळं दाखवलं होतं. तेव्हा ते खुर्चीत बसायलाच तयार नव्हते. "बसा नं काका, आता तुमीच साहेब," असं म्हणून लुबनाने त्यांना बसवलं होतं.

"नाही आलं, बाबा."

"येईन. टपाल उशिरा येते, पण येते."

०

०

१ (अपात्र : चौदा)

०

फेब्रुवारी संपत आला तेव्हा दीक्षाने कारखान्यात खाडा केला आणि अकोल्याची एसटी पकडली.

कार्यालयातल्या बाबूने रजिस्टर उलटलं. "दीक्षा शेषराव? तुमी तं आल्याच नाही. आमी तुमची वाट पाहून राहिलो होतो."

"कधी?"

"अकरा तारखेला सूचना टाकली. सात दिवसांची मुदत. मंग दुसऱ्या नंबरला बोलावलं." त्याने मानेनेच दाखवलं. खिडकीजवळ एक मुलगी नव्या साडीत बसली होती. टेबलावरची धूळ रुमालाने पुसत होती.

संध्याकाळी लुबनाने 'सर्व नोंदी' दाबलं. अकराची ओळ होती. फिकट.

"हे तं उघडलेलं हाय," लुबना म्हणाली. "तूच पाहिलं असशील, दीक्षा. थकून येतं तू. झोपेत दाबलं असशील."

"मी?"

लुबनाने तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. दीक्षा त्या ओळीकडे पाहत राहिली. अकरा तारीख. त्या दिवशी डबल पाळी होती. डोळे जळत होते, एवढंच तिला आठवलं. दाबलं असेल. आपणच. कोण दाबणार दुसरं?

घरी जाताना तिने ठरवलं, बाबांना सांगायचं नाही.

"आलं का?"

"नाही, बाबा."

शेषरावांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग जवळ सरकून बसले.

"सांगणार नव्हतो तुले," ते म्हणाले. "पण असं तोंड पाडू नको. मीबी रोज सकाळी फिरायच्या निमित्तानं लुबनाच्या भावाकडं जातो. तुह्या यादीत वाकड्यातिकड्या अक्षरांचा कचरा येऊन पडते नं, तो एकेक दाबून काढून टाकतो. साहेबाच्या टेबलावरचं आधी साफ केल्याशिवाय नवं टपाल ठेवाचं कुठं?"