छातीवरचा भुंगा

"मी गेल्यावर हा माझ्या छातीवर ठेवायचा. विसरणार नाहीस ना?"

पितांबर नानांनी हिरव्या दगडाचा भुंगा पुढे केला, तेव्हा शेजारच्या दिपमालाच्या हातात गरम भाकरी होती. रोज संध्याकाळी ती नानांना दोन भाकरी आणून द्यायची.

"काय बोलून राहिले, नाना! अन् हा तर शेणकिडा."

"शेणकिडाच. तो शेणाचा गोळा ढकलतो ना, तसाच सूर्यालाही ढकलतो, असं इजिप्तचे लोक मानायचे."

पिंप्राळ्यात राहायला येण्याआधी नानांनी धुळ्यात तीस वर्षं इतिहास शिकवला होता. त्यांचा तास अजून संपला नव्हता.

"मेल्यावर माणसाचं काळीज देवापुढे तराजूत घालायचे. तेव्हा ते आपल्याच धन्याविरुद्ध साक्ष देऊ शकतं. हा छातीवर असला की गप्प बसतं."

"तुम्हाला कशाला साक्षीची भीती? ती तुमच्या भूपेंद्रला पाहिजे."

नानांनी भाकरी घेऊन भुंगा तिच्या हातात ठेवला. एकुलता एक मुलगा चौदा वर्षांत फिरकला नाही, साधा फोनही करत नाही, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. नानांनीच सांगितलं होतं. भूपेंद्रचं नाव निघालं की बायका बोटं मोडायच्या.

सात वाजले. नानांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी नंबर पाहून फोन कापला.

"जाहिरातवाले. रोज याच वेळेला."

"ब्लॉक करून देऊ?"

"नको," नाना घाईने म्हणाले. "तेवढंच घरात काहीतरी वाजतं."

दिपमालाला गलबलून आलं. तिने भुंगा कपाटात ठेवला आणि शब्द दिला.

पोळ्यानंतरच्या मंगळवारी दुपारी ती कढी द्यायला गेली, तर नाना खुर्चीतच गेलेले. डॉक्टर येऊन गेले. भूपेंद्रचा नंबर कुणाकडेच नव्हता. आपल्याकडेही नाही, असं नाना म्हणायचे. "अग्नी मी देतो," दिपमालाचा नवरा समाधान म्हणाला. लोक पोराला शिव्या घालत तयारीला लागले.

दिपमालाने कपाटातून भुंगा काढून नानांच्या छातीवर ठेवला. तेवढ्यात त्याच्याच खाली, सदऱ्याच्या खिशात, मोबाइल वाजला. सात वाजले होते. जाहिरातवाल्याला चांगलं झापायचं म्हणून तिने फोन उचलला.

पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला.

"नाना? आज उचलला तुम्ही! कापू नका, नाना. चौदा वर्षं झाली. जातीबाहेरची असली तरी सपना तुमची सून आहे. आता तरी आम्हाला घरात येऊ द्या."