नास्तिकाच्या घरची सिस्टर

नव्या नर्सबाईंच्या मानेवरची फिकट रेघ मुलीला तिसऱ्या दिवशी दिसली. तिच्या आजारी वडिलांची उशी सारखी करायला बाई वाकल्या होत्या. वर्षानुवर्षं घातलेली साखळी काढली की मागे उरते, तशी रेघ. साखळीत काय असणार हे तिला कुणी सांगायला नको होतं. म्हणजे ही बाई क्रूस दाराबाहेर उतरवून घरात येत होती.



वडील गणिताचे मास्तर. सगळे त्यांना सर म्हणत, चर्चची माणसं 'सैतानाचा वकील' म्हणत. देव नाही हे पटवून देण्यात सरांनी चाळीस वर्षं घातली होती. चर्चच्या फाटकाशी पत्रकं वाटली, पाद्र्यांशी भर सभेत वाद घातले आणि जिंकल्यावर पोटभर हसले. समोरच्यांनीही कसर ठेवली नाही. कुणी खिडकीवर दगड मारले, कुणी तिला दुकानात पाहिलं की आपली मुलं जवळ ओढून घेतली. 'या घरात फादर, ब्रदर, सिस्टर कुणाला थारा नाही,' असं सर गमतीनं म्हणायचे. पण फुप्फुसांनी दगा दिला आणि नर्स पुरवणाऱ्या संस्थेनं पाठवलेल्या सिस्टरला दार उघडावंच लागलं. मुलगी मात्र त्यांना नुसतं बाई म्हणे.

तिची भीती उगाच नव्हती. सरांच्या विवेकवादी मंडळाचे चिटणीस दोन वर्षांपूर्वी गेले. हयातभर नास्तिक. शेवटच्या आठवड्यात चर्चमधली एक बाई त्यांच्या उशाशी बसायची. पुढच्याच महिन्यात चर्चच्या मासिकात छापून आलं, की चिटणिसांनी रडत रडत क्षमा मागितली. खरंखोटं देव जाणे, असं म्हणायचीही या घरात सोय नव्हती. मेलेला माणूस खुलासा पाठवत नाही, एवढं खरं.

आता सरांची पाळी होती. मागच्या आठवड्यात टपालानं एक बिननावी कार्ड आलं होतं. त्यावर एकच ओळ. 'आम्ही वाट पाहतोय.' तिनं ते फाडून टाकलं, पण ते अक्षर डोळ्यांपुढून हलेना.

रक्तपेढीतल्या नोकरीमुळे ती आठ ते पाच बाहेर असे. तेवढा वेळ घरात वडील आणि बाई, दोघंच. नळ्यांवर चिठ्ठ्या डकवताना तिचा एक डोळा घड्याळावर असे. एकदा तर चिठ्ठी चुकीच्या नळीवर गेली. शेजारच्या सहकारिणीनं वेळीच पाहिलं म्हणून निभावलं.

घरी आलं की एकेक खूण दिसे. बाईंचे डोळे लाल असत. वरच्या फळीवरचं काळ्या पुठ्ठ्याचं बायबल, ज्याच्या पानापानावर सरांनी खोडून काढण्यासाठी लाल पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या, ते एक दिवस जागेवर नव्हतं. ते उशीखाली सापडलं. तिनं विचारलं तर सर म्हणाले, की सहज चाळतोय, आणि त्यांनी नजर भिंतीकडे वळवली. ती खोलीत शिरली की आतलं बोलणं थांबे.

बाई तिच्याशी जपूनच बोलत. एकदा तिनं आडून विचारलं, की घरी कोण कोण असतं. 'आता कुणी नाही,' एवढंच म्हणून त्या औषधाचा चमचा धुवायला वळल्या. अशीच एकटी माणसं चर्चला बरी सापडतात, असं तिच्या मनात आलं.

शेवटी तिनं वडिलांपुढे दुसरी नर्स आणायचं काढलं. आजारात पहिल्यांदाच सरांनी आवाज चढवला. हीच राहील, म्हणाले, आणि मग खोकल्याची उबळ दहा मिनिटं थांबली नाही. ती पाठीवरून हात फिरवत राहिली.  चाळीस वर्षं ठाम राहिलेला माणूस आपल्या हातून निसटतोय, आणि आपण पाठ चोळण्यापलीकडे काही करू शकत नाही.

गुरुवारी डोकं दुखतंय असं सांगून ती दुपारी दोनलाच निघाली. दार हळूच उघडलं. चपला हातात घेतल्या. वडिलांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

आतून वडिलांचा आवाज आला. थकलेला, पण शब्द न् शब्द स्पष्ट. चर्चमधली रोजची प्रार्थना. ती दाराच्या फटीशी सरकली. फटीतून दिसलं, वडिलांनी हात जोडले होते. बाई समोर खुर्चीत मान खाली घालून बसल्या होत्या, पोरांकडून पाठांतर म्हणवून घेणाऱ्या मास्तरणीसारख्या. 'आमेन,' सर म्हणाले.

तिनं दार ढकललं. हातातली चप्पल खाली पडली. बाई ताडकन उठून भिंतीला टेकल्या, आपल्याला आता मारच पडणार अशा.

"बाबा, तुम्हाला मी काही विचारत नाही," ती म्हणाली. "बाई, यांना हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही, ताई. सरांना ती आधीपासूनच पाठ आहे."

"मग म्हणायला तुम्ही लावलीत."

बाईंनी पलंगाकडे पाहिलं. सरांनी डोळे मिटून घेतले होते. बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"तुमच्या चर्चला कळवलंत की अजून कळवायचंय?" तिनं विचारलं.

"मी चर्चला जात नाही, ताई," बाई म्हणाल्या. "माझा मुलगा गेला, तेव्हापासून ही प्रार्थना माझ्या तोंडून निघत नाही. इथे आले त्या दिवशी मी सरांना म्हटलं, तुमचंच खरं, वर कुणी नाही. तेव्हापासून रोज दुपारी माझ्या वाटची सरच म्हणतात. म्हणाले, बाई, इतक्यात माझं ऐकू नका."